गुळगुळीत बाजू

मालकांना कोरा कागद बघवत नसे. कुणाला रक्त बघवत नाही, कुणाला उष्टं ताट बघवत नाही. मालकांचं कोऱ्या कागदाच्या बाबतीत तसं होतं. टेबलावर कुठे रिकामी चिठ्ठी दिसली की त्यांचा हात पुढे जायचा आणि तिच्यावर काहीतरी खरडूनच मागे यायचा. लग्नपत्रिकेच्या पाठीवर अग्रलेख, औषधाच्या पुडीच्या आतल्या अंगाला बाजारभाव. आलेलं पाकीट ते हलक्या हाताने उसवायचे, उलटं करून पुन्हा चिकटवायचे आणि ज्याचं त्याला त्याच पाकिटातून उत्तर धाडायचे. एका वकिलांनी याचा राग धरून वर्गणी बंद केली. मालकांनी त्यांना दिलगिरीचं पत्र पाठवलं, तेही वकिलांच्याच रागाच्या पत्रामागे लिहून.

आमचं साप्ताहिक नाशकात तांबट आळीजवळच्या एका बोळातून निघत असे. दिवसभर शेजारी तांब्याच्या भांड्यांवर हातोडे पडत, आणि त्या ठोक्यांत आमच्या मशीनचा खडखडाट मिसळून जाई. मशीन हातचाकाचं होतं. चाक फिरवायला काळू नावाचा सुरगाण्याकडचा गडी होता. भात-नागलीचं काम उरकलं की तो घाट चढून यायचा आणि पेरणीच्या सुमाराला परत जायचा. मी सहसंपादक. हे पद ऐकायला भारदस्त आहे म्हणून सांगून टाकतो की प्रुफं तपासणं, कोर्टातल्या बातम्या आणणं आणि वर्गणीदारांची बोलणी खाणं या तीन कामांना मिळून आमच्याकडे सहसंपादन म्हणत.

मालकांच्या स्वभावामुळे आमच्या अंकाची जी दशा व्हायची ती काय वर्णावी! समास म्हणून चार बाजूंना सोडतात ती जागा आमच्याकडे नखाएवढी. दोन बातम्यांच्या मध्ये बोट शिरेल एवढी फट राहिली की तिथे ‘तांब्याचे डाग चिंचेने जातात’ किंवा ‘पाल उजव्या खांद्यावर पडल्यास धनलाभ’ अशी एखादी ओळ कोंबलेली असायची. अंक वाचताना डोळ्यांना मुंग्या यायच्या. छपाईच्या दिवशी पहिला ताव मशीनमधून निघाला की मालक तो खिडकीशी नेत, उजेडात धरत, आणि बरोबर जिथे जरा मोकळं दिसत असेल तिथे बोट ठेवून म्हणत, “इथे अजून काही घालता येईल.” मग मशीन थांबायचं. मी इतकी वर्षं तिथे काढली, पण पहिला ताव त्यांनी मुकाट्याने पसंत केलेला मी पाहिला नाही. एकदा पाहिला, त्याची गोष्ट पुढे येईलच.

कागदावर मात्र त्यांचं खरंखुरं प्रेम होतं. रिमचं वेष्टन फोडलं की ते कोपऱ्याचा एक तुकडा फाडून जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. “स्वीडन,” म्हणत. किंवा, “नॉर्वे. पण यंदा लाकूड कोवळं वापरलंय.” खरं किती, खोटं किती, देव जाणे. वेष्टनावर गिरणीचं नाव छापलेलंच असे, आणि ते त्यांनी आधी वाचलेलं नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही.

वर्तमानपत्राचा कागद तेव्हा सगळा समुद्रापलीकडून यायचा. आमच्या भिंतीवर जगाचा एक नकाशा होता, पण त्याचा बराचसा भाग कपाटामागे गेला होता. दिसायचं ते नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि वरचा बर्फ. मालकांना बाकीच्या जगाशी फारसं कर्तव्य नव्हतं. “हे आपले व्याही,” ते नकाशाकडे हात करून सांगत. “यांच्याकडची लेक आपल्या घरी नांदते.” आणि हे ते थट्टेने म्हणत नसत. मी एकदा कुठल्याशा इंग्रजी मासिकातून उचलून चार ओळी दिल्या होत्या की स्वीडनमध्ये थंडीमुळे लोक मद्यपान फार करतात. मालकांनी त्या प्रुफातच खोडल्या. “व्याह्यांच्या घरी कोण काय पितं ते आपण बघायचं नसतं,” म्हणाले. त्या जागी काय आलं असेल? पाल!

सप्टेंबरात युद्ध सुरू झालं तेव्हा मेन रोडवर रेडिओच्या दुकानापुढे ही गर्दी. जो तो पोलंडविषयी बोलत होता. मालक गर्दीत शिरले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, “आगबोटींविषयी काही म्हणाला का?” त्या माणसाने त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच लाजल्यासारखं झालं. पण महिन्याभरात आमचा मुंबईचा कागदवाला व्यापारी तेच लिहू लागला. तटस्थ देशाची बोट असली तरी इंग्रज तिला झडतीसाठी थांबवून ठेवतात, आणि तिथून सुटली तर जर्मन बुडवतात. दोघांच्या हातून निसटली तर तुमचा कागद. नवरात्र उलटलं आणि आमच्या कोठीतला रिमांचा ढीग बसकण मारल्यासारखा खाली खाली जाऊ लागला.

मालकांनी मग सरळ परराष्ट्रखातं हातात घेतलं. नॉर्वेचा वकील, म्हणजे कॉन्सल, मुंबईला असतो असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. “लिहा, आपले आमचे संबंध जुने आहेत. आजवर आमच्या पत्रात आपल्या देशाविरुद्ध एक अक्षर आलेलं नाही. मागे मासेमारीच्या भांडणात आपली बाजू न्याय्य होती असं आमचं मत आहे.” मी विचारलं, कसली मासेमारी? ते म्हणाले, “देश समुद्रकाठी आहे, मासेमारीचं भांडण असणारच. तुम्ही लिहा.” पत्र पहिल्यांदाच कोऱ्या कागदावर गेलं. मालकांनी तो कागद माझ्या हाती देताना तोंड फिरवलं होतं.

उत्तर आलं, दोन ओळींचं आणि फार सभ्य. सोबत नव्या वर्षाचं एक कॅलेंडर होतं: डोंगर, निळं पाणी, लाकडाची लाल घरं. मालक हरखून गेले. कॅलेंडर आठ दिवस भिंतीवर राहिलं आणि मग एका सकाळी मी येऊन बघतो तर त्यातला एक महिना गायब. पानांच्या पाठी कोऱ्या होत्या ना! नवं वर्ष उजाडायच्या आतच मार्च-एप्रिलच्या पाठीवर अग्रलेख लिहून झाले होते. पुढे खरोखरच एप्रिल आला आणि जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या, तेव्हा भिंतीवर त्या महिन्याच्या जागी मे लटकत होता. मालकांना ही गोष्ट फार लागली. “मी ते पान फाडायला नको होतं,” असं ते त्या दिवशी दोनदा म्हणाले. पण ते नंतरचं झालं.

त्या दिवाळीला परिस्थिती अशी आली की नाशिकरोडला सरकारच्या नोटा छापायला कागद होता, आणि तिथून पाच-सहा मैलांवर आम्हाला बातमी छापायला नव्हता. देवळाली कॅम्पातून एक कारकून आला. त्याच्या साहेबाचं म्हणणं, युद्धाचा मजकूर आम्ही तयार करून देऊ, तो दर आठवड्याला पहिल्या पानावर घाला, कागदाची सोय होईल. मालकांनी त्याला चहा पाजला, चिवडा खाऊ घातला, लष्कराच्या घोड्यांची चौकशी केली. मग म्हणाले, “कागद तुमचा, मजकूर तुमचा. मग संपादकही एखादा तुमचाच पाठवा, मी जरा काशीला जाऊन येतो.” कारकून हसत हसत उठला आणि बोळ ओलांडून समोरच्या छापखान्यात गेला. मालक खिडकीतून बघत राहिले. थोड्याच वेळात तो तिथूनही तसाच बाहेर पडला, पण हसत नव्हता.

“काय म्हणाले असतील पलीकडचे?” मालकांनी मला विचारलं.

पलीकडचे म्हणजे समोरच्या साप्ताहिकाचे संपादक. बोळ इतका अरुंद की त्यांच्या खिडकीतून तपकीर उडवली तर आमच्याकडे शिंक यावी, पण दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. नाव घेणंसुद्धा बंद. अंकात मात्र एकमेकांना झोडपण्याचं सदर न चुकता असे. आमच्याकडे ‘पलीकडच्यांस’, त्यांच्याकडे ‘अलीकडच्यांस’. पलीकडचे किडकिडीत, गळ्याला मफलर, दम्याचा विकार. बारा महिने पहाटे गोदावरीवर स्नानाला जायचे. त्यांचा अंक आमच्या अगदी उलट. बोट-बोट रुंद समास, मोठा टाइप, पानाच्या मध्यावर चार ओळींची एखादी कविता आणि तिच्याभोवती मोकळं मैदान. मालक तो अंक हातात घेत तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उडायची. “बघा, बघा हा माजोरीपणा! एवढ्या जागेत अख्ख्या तालुक्याच्या बातम्या बसतील.”

हे वैर कशावरून, ते मला चाचांनी सांगितलं. चाचा म्हणजे बोळाच्या टोकाचे बाइंडर. दोन्ही छापखान्यांचं घडी घालण्याचं, शिवण्याचं, कापण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या दुकानात खळीचा आणि मोरचुदाचा वास कायमचा भरलेला असे. दोन्ही घरी जाणारा-येणारा तो एकच माणूस.

“दोघं एकाच शाळेतले,” चाचा म्हणाले. “पेपर पण पहिले एकच होता, दोघांचा मिळून. मशीन यांचं, लिखाण त्यांचं. मग मालकाची बायको गेली. पलीकडच्यांनी चार ओळी लिहिल्या, काळी चौकट केली, आणि खाली पुरा कॉलम सोडून दिला रिकामा. मालक घाटावरून आले ते घरी नाही गेले, सरळ छापखान्यात. पहिला ताव घेतला, खिडकीत धरला. म्हणाले, इथे अजून काही घालता येईल. आणि स्वतःच्या हातांनी तिथे केसांच्या तेलाची जाहिरात बसवली.”

चाचांनी सुई पुन्हा शिवणीत घातली.

“पलीकडचे बोलले, हा माणूस नव्हे. त्याच दिवशी पाटी उतरवली त्यांनी.” चाचांनी दोरा दातांनी तोडला. “पण सहसंपादक, तुम्ही सांगा, मालकाचं काय चुकलं? त्यांना ती रिकामी जागा बघवली नाही. बस, एवढंच.”

त्या दिवसापासून मी मालकांच्या पालींना आणि चिंचेच्या पाण्याला हसणं कमी केलं. पूर्ण सोडलं असं म्हणत नाही.

दिवाळीनंतर दोघांची कोठी रिकामी झाली. आमच्याकडे एका अंकापुरता कागद, त्यांच्याकडे तेवढाही नाही. एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या काळात साप्ताहिक एकदा बंद पडलं की पुन्हा काढायला नव्याने डिक्लेरेशन, म्हणजे सरकारदरबारी प्रतिज्ञापत्र, करावं लागेल आणि मॅजिस्ट्रेट जामीन मागितल्याशिवाय राहणार नाही, ही धास्ती प्रत्येक संपादकाच्या पोटात असे. शिवाय या दोघांचा एक अंकही आजवर चुकला नव्हता. प्लेगात नाही, पुरात नाही. कोण आधी चुकतो याची दोघंही वाट पाहत होते, असं मला तेव्हा वाटे.

दोघांनीही मुंबईला तारा केल्या होत्या. व्यापाऱ्याने नाशिकसाठी एकच लहानसा माल सोडला, आणि तोही दोघांच्या नावाने. ‘आपसांत वाटून घ्यावा.’ रेल्वेच्या मालधक्क्यावरचा बाबू म्हणाला, दोघांच्या सह्या माझ्यापुढे झाल्याशिवाय एक रिम हलणार नाही. झालं! एका टांग्यातून जाणं भाग पडलं, कारण त्या दिवशी बाजार होता आणि दुसरा टांगा मिळेना.

दोघं एकाच वेळी मागच्या बाकाकडे गेले, म्हणजे मागे मी बसतो, तुम्ही पुढे जा, असं एकमेकांना न बोलता सांगत होते. टांगेवाला ओरडला, “दोघं मागं नका बसू हो, टांगा उलार व्हतो. येक म्होरं या, येक मागं बसा!” तेव्हा मालक पुढे बसले, पलीकडचे मागे. मी टांगेवाल्याशेजारी अंग चोरून. असे पाठीला पाठ लावून हे दोन संपादक नाशिकरोडला गेले आणि जाताना वाटेत टांगेवाला सोडून कुणी तोंड उघडलं नाही.

सह्या झाल्या. कागद बैलगाडीत चढला आणि आमच्या मागून निघाला. मालकांचा जीव त्या गाडीत अडकला होता, पण त्यांचं तोंड घोड्याकडे. मान वळवावी तर पलीकडचे दिसणार. दर दोन फर्लांगांवर ते मला विचारायचे, “गाडी येतेय ना?” मी वाकून बघायचो आणि सांगायचो. नाशिकजवळच्या द्वारकेच्या चढावर मी पुन्हा वाकणार तेवढ्यात मागून आवाज आला.

“येतेय.”

पलीकडचे बोलले होते. मालकांनी घोड्याच्या कानांकडे बघत मान हलवली. नाशिक येईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वाटणीची बैठक चाचांच्या दुकानात झाली, कारण दोघंही एकमेकांच्या उंबऱ्यात पाय ठेवायला तयार नव्हते. मध्ये कटाईचं यंत्र, एका बाजूला हे, एका बाजूला ते. हातभर अंतर होतं, पण सगळं बोलणं चाचांमार्फत.

“चाचा, त्यांना सांगा, निम्मा कागद त्यांनी घ्यावा, निम्मा मी घेतो.”

“चाचा, त्यांना विचारा, निम्म्यात किती आठवडे निघतील? नाताळापर्यंत दोघंही बसू घरी.”

“चाचा, त्यांना सांगा, समास कमी करा म्हणजे निघतील.”

“चाचा, मी उठतो.”

चाचा वैतागले. तसा त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “अरे काय लावलंय हे! दोघं बुड्ढे झाले! टांग्यात कसे आले तुम्ही? पाठीला पाठ लावून आले ना? टांगा चालला ना? मग तसंच छापा! एका कागदावर एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. तोंड बघू नका एकमेकांचं, पण कागद तर वाचेल!”

मालक कटाईच्या पात्याकडे बघत होते. मग ते अगदी हळू म्हणाले, “चाचा, त्यांना विचारा, गुळगुळीत बाजू कुणाची?”

वर्तमानपत्री कागदाला एक बाजू गुळगुळीत असते आणि एक जराशी खरखरीत. वाचणाऱ्याला कळतही नाही, पण छापणाऱ्याला सगळा फरक तिथे दिसतो. यावर आणखी खल झाला आणि ठरलं की एका आठवड्याला गुळगुळीत बाजू यांची, पुढच्या आठवड्याला त्यांची. छपाई आमच्या मशीनवर, पण एकाचा मजकूर दुसऱ्याने बघायचा नाही. घडी चाचा घालणार, निम्म्या अंकांत आमचं नाव वर, निम्म्यांत त्यांचं. युरोपात त्या वर्षी पुष्कळ तह झाले आणि मोडले. आमच्या बोळातला त्यांपैकी बऱ्याच तहांपेक्षा टिकाऊ निघाला.

पोस्टात खळखळ झाली की एका अंकावर दोन नावं कशी. मालकांनी पोस्टमास्तरांना विचारलं, “एका घरात दोन भाऊ वेगळे जेवत असले तर तुम्ही टपाल टाकत नाही का?” गावात मात्र मजा उडाली. चहाच्या दुकानात एक माणूस अंक उघडून आमची बाजू वाचत बसे आणि समोरचा त्याच कागदाची पलीकडची बाजू वाचत असे, आणि अर्ध्यात पान उलटलं की दोघांची भांडणं. शिव्या दोन्हीकडच्या चालूच होत्या. फक्त आता त्या एकाच कागदाच्या अंगावर होत्या.

छपाईच्या दिवशी पलीकडचा फर्मा, म्हणजे जुळवून घट्ट आवळलेला सगळा टाइप, दोन माणसं उचलून बोळ ओलांडून आणत. त्यावर धुतलेलं धोतर झाकलेलं. मालक भिंतीकडे तोंड करून बसत. पण फर्मा मशीनवर चढला की बसल्या जागी त्यांची चुळबुळ सुरू होई. “किती मोकळं सोडलंय या खेपेला?” ते भिंतीला विचारत. मी म्हणे, बघायचं नाही असं ठरलंय. “बघत कोण आहे? विचारतोय.”

कार्तिकातच थंडी पडली. त्या साली ती फार कडक वाटली. पलीकडच्यांचा खोकला आमच्या मशीनच्या खडखडाटातही ऐकू येऊ लागला. खोकल्याची उबळ आली की मालकांचा लिहिता हात थांबायचा आणि ती ओसरली की पुन्हा चालू लागायचा. एका बुधवारी फर्मा आला, माणसं ठेवून गेली. मी प्रुफांत होतो. वर बघतो तर मालक टाइपाच्या खान्यांशी उभे राहून स्वतः अक्षरं जुळवताहेत. मग ते फर्म्यापाशी आले, तो जरा सैल केला, कवितेखालच्या कोऱ्या जागेतले लाकडी ठोकळे काढले आणि तिथे आपल्या ओळी बसवल्या. मला म्हणाले, “तुम्ही काही पाहिलं नाही.”

गुरुवारी अंकात त्या कवितेखाली लोकांनी वाचलं: ‘दम्याच्या विकारात अडुळशाचा रस मधातून घ्यावा. पहाटेच्या थंडीत नदीवर स्नानास जाऊ नये. धर्माने सांगितले असले तरी जाऊ नये.’

तह मोडायची वेळ आली. पलीकडच्यांनी चाचांकडून निरोप पाठवला, उरलेला कागद आजच्या आज वाटून द्या. चाचा दिवसभर बोळात येरझाऱ्या घालत होते. शेवटी तह टिकला तो एवढ्यावर की पलीकडचे आपलं म्हणणं छापतील आणि मालक त्याला उत्तर देणार नाहीत. पुढच्या अंकात पलीकडच्या बाजूला, रिकाम्या जागेच्या मधोमध दोन ओळी होत्या: ‘आमच्या बाजूची कोरी जागा हाही आमचा मजकूरच आहे. तीस कोणी हात लावू नये.’

“वाचलंत?” मालक म्हणाले. “मजकूर म्हणे!” आणि त्यांनी अंक बाजूला टाकला. पण चाचा जायला निघाले तसे त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि हळूच विचारलं, “अडुळसा घेतला का?”

“घेतात,” चाचा म्हणाले. “पण नदीवर जातात.”

नाताळच्या आदल्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, तांबट आळीतले हातोडे एकाएकी थांबले. ती आळी प्रेत जाताना थांबे, एरवी नाही. मी खिडकीशी गेलो. समोरच्या दारात माणसं जमली होती. पलीकडचे पहाटे घाटावरून आले, पायरीवर बसले आणि तिथेच गेले.

मालकांनी पेन खाली ठेवलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अनवाणीच बाहेर पडले. अंत्ययात्रेत ते सगळ्यांच्या मागे होते. मला वाईट वाटत होतं पलीकडच्यांसाठी, पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष या पाठमोऱ्या जाड्या म्हाताऱ्याकडे होतं. नदीवरून ते सरळ छापखान्यात आले. मला चाचांनी सांगितलेली ती जुनी गोष्ट आठवली. आता हे काय घालणार?

त्यांनी निधनाच्या चार ओळी लिहिल्या, आमच्या बाजूला, जागा मिळाली तिथे. वर कांद्याचे भाव, खाली सुंठीचे गुण. ‘पलीकडच्यांस’ हे सदर काढलं आणि त्या जागी नगरपालिकेच्या नळांविषयी मजकूर कोंबला. 

बुधवारी छपाई. त्या आठवड्यात गुळगुळीत बाजू त्यांची होती. काळूने खरखरीत बाजूवर आमचा मजकूर छापला, तावांचा गठ्ठा सवयीने उलटा केला आणि चाकापाशी उभा राहिला. समोरच्या छापखान्याला कुलूप होतं.

“मालक, पल्याडचा फर्मा नाय आला,” तो म्हणाला.

मी मालकांना म्हटलं, “या खेपेला ती बाजूही आपणच वापरू. राहिलेल्या बातम्या आहेत, जाहिराती आहेत. आणखी कागद कधी येईल सांगता येत नाही.” आपण शहाणपणाचं बोलतोय असंच मला वाटत होतं.

“ती बाजू त्याची आहे,” मालक म्हणाले.

“पण ते तर—”

“त्याचा अंक आजवर चुकला नाही. तो मी चुकवू?” मग काळूला म्हणाले, “शाईचे रूळ काढ.”

काळूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने रूळ काढले, चिंधीने पुसून भिंतीशी उभे केले. मशीनचा पाट रिकामा होता. टाइप नाही, शाई नाही.

“आता चालव.”

“रिकामंच?”

“चालव म्हणतो ना.”

काळूने चाकाला हात घातला. मशीन रोजच्यासारखं खडखडलं. ताव आत गेला, फिरला आणि पलीकडे पडला. मालकांनी तो दोन्ही हातांनी उचलला. आज ते भिंतीकडे तोंड करून बसले नव्हते. ताव घेऊन ते खिडकीशी गेले आणि उजेडात धरून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिला. कुठे डाग नव्हता. खिडकीच्या पलीकडे समोरची बंद खिडकी दिसत होती. मी त्यांच्या त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो. त्यांचं बोट उचललं गेलं, कागदाच्या मधोमध आलं आणि तिथेच थोडा वेळ राहिलं.

“इथे घालण्यासारखं काही नाही,” ते म्हणाले. “बाकीचे ताव सोड, काळू.”